रायफलमध्ये ऑलिम्पिक मेडल आणणारा महाराष्ट्र ‘ट्रॅप’मध्ये का दिसत नाही? भंडाऱ्यात क्ले शूटिंगची रेंज काढायची तर काय लागेल?

तारीख ५ ऑगस्ट २०२४. पॅरिस ऑलिम्पिकचं शूटिंग पॅरिसमध्ये नव्हतंच, ते चालू होतं शातोरू नावाच्या गावातल्या रेंजवर. स्कीट मिक्स्ड टीमची ब्राँझ मेडलची मॅच. भारताकडून महेश्वरी चौहान आणि अनंतजीतसिंग नरुका, समोर चीन. स्कोर लागला ४४-४३. चीननं एक तबकडी जास्त फोडली आणि मेडल गेलं.

चारच दिवस आधी, १ ऑगस्टला, याच शातोरूमध्ये आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसळेनं ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ आणलं होतं. तेव्हा अख्ख्या महाराष्ट्राचं स्टेटस एकच होतं. पण ही स्कीटची मॅच लावून बसलेल्या बऱ्याच जणांना एवढंच कळत होतं की रंगीत तबकडी उडते, बंदूक वाजते, तबकडीचा भुगा होतो.

आता एक गंमत बघा. पॅरिसला भारताचे २१ नेमबाज गेले. त्यातले सहा जण ‘शॉटगन’चे, म्हणजे उडत्या तबकडीवर नेम धरणारे. पृथ्वीराज तोंडाइमान, राजेश्वरी कुमारी, श्रेयसी सिंग, अनंतजीत, महेश्वरी आणि रायझा ढिल्लों. राजस्थान आला, पंजाब आला, हरियाणा, बिहार, तमिळनाडू आला. महाराष्ट्राचं नाव नाही.

अंजली भागवत, सुमा शिरूर, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, स्वप्नील कुसळे. आपल्याकडं नेमबाजांची रांग आहे, पण सगळी रायफल आणि पिस्तूलवाली. मग तबकडीवर नेम धरायला आपले हात कुठं अडतात?

याचं उत्तर मुंबई-पुण्यात बसून शोधण्यापेक्षा भंडाऱ्यातून शोधलेलं बरं. कारण भंडाऱ्यातल्या एखाद्या पोरीला शूटिंग शिकायचं असेल, तर वरळीची रेंज आठशे किलोमीटरच्या पुढं, बालेवाडी सातशेच्या पुढं. आणि ज्या भोपाळमधून देशाला ट्रॅपचे नेमबाज मिळाले, ते भोपाळ नागपूरमार्गे चारशेच्या आसपास. म्हणजे जवळचं दार मध्य प्रदेशाचं आहे.

पण आधी खेळ समजून घेऊ.

तबकडी मातीची नसते

या खेळाला क्ले पिजन शूटिंग म्हणतात. क्ले म्हणजे माती, पिजन म्हणजे कबूतर. आज त्यात ना माती आहे, ना कबूतर.

कबूतर मात्र एकेकाळी खरोखरचं होतं. युरोपात पेटीत जिवंत कबूतर कोंडायचे, दोरी ओढली की पेटी उघडायची आणि पक्षी उडाला की गोळी. त्या पेटीला ‘ट्रॅप’ म्हणायचे, म्हणून खेळाचं नाव ट्रॅप. दोरी ओढायला सांगायचं म्हणून नेमबाज ‘पुल’ ओरडायचा. आज दोरी गेली, समोर माईक असतो, पण इंग्रजी बोलणारे अजूनही ‘पुल’च ओरडतात. १९०० च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये तर जिवंत कबुतरांची स्पर्धाही झाली होती. पुन्हा कधी झाली नाही, ते बरंच झालं.

मध्ये काही वर्षं काचेचे गोळे उडवून पाहिले. मग १८८० मध्ये अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगाऊस्कीनं चपट्या तबकडीचं पेटंट घेतलं. असं सांगतात की पोरं पाण्यावर शिंपले भिरकावत होती, ते टप्पे घेत कसे सरळ जातात हे बघून त्याला ही कल्पना सुचली. तळ्याकाठी वाढलेल्या कुणालाही हा खेळ सांगावा लागणार नाही. चपटा दगड गरागरा फिरवत सोडला की तो हवेवर तरंगत जातो. तबकडीचं विज्ञान तेवढंच आहे.

लिगाऊस्कीच्या तबकड्या भाजलेल्या मातीच्या होत्या आणि इतक्या कडक की छर्रे लागूनही फुटेनात. म्हणून पुढं डांबरासारखा पिच आणि चुनखडीची भुकटी यांचं मिश्रण आलं. आजची ऑलिम्पिकची तबकडी ११० मिलिमीटर रुंद आणि साधारण १०५ ग्रॅम वजनाची. हातातून जमिनीवर पडली तरी तडकू शकते, आणि मशिनमधून शंभराच्या स्पीडनं फेकली तरी अखंड निघाली पाहिजे. हे दोन्ही साधणं सोपं नाही. विदर्भातल्या मे महिन्यात पेट्या उन्हात राहिल्या तर तबकड्या मऊ पडून एकमेकींना चिकटण्याची भीती आहेच.

ट्रॅप आणि स्कीटमध्ये फरक काय?

ट्रॅपमध्ये समोर एक खंदक असतो. त्यात १५ मशिन लपवलेल्या. नेमबाज खंदकापासून १५ मीटर मागं, शेजारीशेजारी असलेल्या पाच जागांपैकी एका जागेवर उभा. बंदूक आधीच खांद्याला लावलेली. आवाज दिला की तबकडी निघते, पण डावीकडं जाईल, उजवीकडं जाईल की सरळ, हे माहीत नसतं. तुमच्यापासून दूर पळणारी, ७६ मीटरवर जाऊन पडणारी वस्तू. २५ तबकड्यांच्या एका राउंडमध्ये प्रत्येकाला १० डाव्या, १० उजव्या आणि ५ मधल्या मिळतात, म्हणजे नशिबाची वाटणी सारखी. फक्त क्रम माहीत नाही. एका तबकडीवर दोन गोळ्या झाडता येतात, फायनलमध्ये मात्र एकच.

स्कीटमध्ये उलट. तबकडी कुठून येणार आणि कुठं जाणार हे सगळं पाठ असतं. अर्धवर्तुळाच्या दोन टोकांना दोन घरं, एक उंच आणि एक बुटकं. दोन्हींतून तबकड्या एकमेकींना छेद देत जातात. नेमबाज आठ ठिकाणांवरून त्या फोडत जातो. मग अवघड काय? बंदुकीचा दस्ता कमरेशी ठेवून उभं राहायचं, आवाज दिल्यावर तबकडी लगेच येईल किंवा तीन सेकंदांपर्यंत कधीही येईल, आणि ती दिसल्यावरच बंदूक वर न्यायची. एका तबकडीला एकच गोळी. काही ठिकाणी दोन्ही घरांतून एकदम सुटतात.

तिसरा एक प्रकार होता, डबल ट्रॅप. २००४ ला अथेन्समध्ये राज्यवर्धनसिंग राठोड यांनी सिल्व्हर आणलं ते यातच. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक सिल्व्हर. २०१६ च्या रिओनंतर डबल ट्रॅप ऑलिम्पिकमधून काढून टाकला.

तबकडी फुटली की नाही हे कोण ठरवतं? पंच. डोळ्याला दिसेल असा निदान एक तुकडा निघाला पाहिजे. नुसती धूळ उडाली आणि तबकडी तशीच पुढं गेली तर गुण नाही. अव्वल पातळीवर चुकायला जागा किती थोडी असते ते पृथ्वीराजच्या स्कोरवरून कळतं. पॅरिसमध्ये त्यानं १२५ पैकी ११८ फोडल्या आणि तो आला २१ वा.

नेम तबकडीवर धरायचाच नाही

रायफलची गोळी एक असते. शॉटगनच्या काडतुसात बारीक शिशाचे छर्रे असतात, ऑलिम्पिकच्या नियमात २४ ग्रॅम. एक छर्रा अडीच मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे एका काडतुसात अडीचशे ते तीनशे दाणे. नळीतून निघाले की ते पसरत जातात.

ऐकून वाटतं, इतके दाणे आहेत तर काय अवघड? थोडं गणित करू. तबकडीचा वेग ताशी १०० किलोमीटर धरला तर सेकंदाला जवळपास २८ मीटर. छर्ऱ्यांना ३५ मीटर जायला साधारण एक दशांश सेकंद लागतो. तेवढ्या वेळात आडवी जाणारी तबकडी अडीच मीटरपेक्षा जास्त पुढं गेलेली असते. तुम्ही बरोबर तबकडीवर नेम धरला तर छर्रे पोचतील तेव्हा तिथं फक्त हवा असेल. ट्रॅपमध्ये तबकडी तिरकी आणि दूर जात असल्यानं हे अंतर कमी होतं, पण शून्य होत नाही.

म्हणून पुढं मारायचं. पळत्या फिल्डरकडं बॉल फेकताना आपण तो आत्ता जिथं आहे तिथं फेकत नाही, जिथं पोचणार आहे तिथं फेकतो. तसंच. आणि विटीदांडू खेळलेल्या कुणालाही दुसरी गोष्ट माहीत असते. विटी उडाली की डोळे विटीवर, दांडूकडं बघितलं की गेली. नवीन नेमबाज नेमकी हीच चूक करतो. बंदुकीच्या टोकाकडं बघतो, हात थांबतात आणि छर्रे मागून जातात.

एकाच रेंजवर नवखा आणि नॅशनल प्लेयर कसे काय?

या खेळातली सगळ्यात भारी गोष्ट इथं आहे, आणि टीव्हीवर ती दिसत नाही. ऑलिम्पिकचा ट्रॅप नवख्याला पहिल्या दिवशी दिला तर तो २५ पैकी दोन-तीन फोडून खांदा चोळत घरी जाईल आणि परत येणार नाही. म्हणून जगभरातल्या क्लबांनी पायऱ्या बनवल्या.

पहिल्या दिवशी गोळी झाडायच्या आधी डोळा तपासतात. दोन्ही हातांनी मध्ये छोटा त्रिकोण करायचा, लांबची एखादी वस्तू त्यातून बघायची, मग एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्यानं वस्तू त्रिकोणात राहते तो तुमचा मुख्य डोळा. उजव्या हाताच्या माणसाचा मुख्य डोळा डावा निघाला तर छर्रे सारखे बाजूला जातात आणि त्याला वाटतं आपल्याला जमतच नाही. बंदूक डाव्या खांद्यावर घेतली किंवा चष्म्यावर छोटी पट्टी लावली की बऱ्याचदा प्रश्न सुटतो.

मग रिकामी बंदूक खांद्याला लावायचा सराव. मग एकच मशिन, एकच कोन, सावकाश जाणारी सरळ तबकडी. हलकं काडतूस म्हणजे धक्का कमी. प्रशिक्षक पाठीशी उभा. पहिली तबकडी फुटली की चेहरा काय होतो ते सांगायला नको.

पुढं गेलेल्यांसाठी अमेरिकेतल्या क्लबांनी हँडिकॅप काढला. सगळे एकाच ओळीत उभे राहत नाहीत. नवखा मशिनपासून १६ यार्डांवर, म्हणजे साडेचौदा मीटरवर. जसजसा चांगला खेळाल तसतसं मागं सरकवत नेतात, थेट २७ यार्डांपर्यंत. तबकडी तीच, पण मागच्याला ती लहान दिसते आणि वेळ कमी मिळतो. त्यामुळं बाप, लेक आणि राज्य पातळीवरचा खेळाडू एकाच वेळी एकमेकांशी खरी टक्कर देऊ शकतात. ब्रिटनमध्ये दुसरी पद्धत आहे. तुमच्या स्कोरवरून ए, बी, सी असे वर्ग, आणि बक्षीस प्रत्येक वर्गात वेगळं. सी वर्गातला माणूस सी वर्गातल्याशीच लढतो.

आणि तिसरी वाट म्हणजे ‘स्पोर्टिंग’. झाडझुडपांतून पायवाट, वाटेत आठ-दहा जागा, प्रत्येक ठिकाणी तबकडी वेगळी. एक डोक्यावरून जाणारी, एक जमिनीवरून सशासारखी उड्या मारत पळणारी, एक ६० मिलिमीटरची चिमुकली. एका जागेवर काहीच लागलं नाही तरी पुढच्या जागेवर लागू शकतं. हौशी लोकांची गर्दी याच प्रकाराला जास्त असते.

शिस्त मात्र सगळीकडं सारखी कडक. बंदूक उघडी, म्हणजे मधून मोडलेली आणि रिकामी, दुरूनही सगळ्यांना दिसेल अशी. काडतूस फक्त आपल्या जागेवर उभं राहून, आपली पाळी आल्यावर. कानाला आणि डोळ्याला संरक्षण. नळी कधी कुणाकडं वळत नाही. ट्रॅपच्या गटात सहा जण आणि जागा पाच. सहावा मागं थांबतो, पहिल्या जागेवरचा पुढं सरकला की तो तिथं येतो. या फिरत्या रांगेत नवखा आपोआप शिस्त शिकतो.

मग महाराष्ट्र कुठं अडला?

आता मूळ प्रश्नाकडं. तीन गोष्टी आहेत आणि तिन्ही एकमेकींत गुंतलेल्या आहेत.

पहिली कायद्याची. शस्त्र नियम २०१६ नुसार .१७७ इंचाच्या आतली आणि २० ज्यूलपर्यंत ताकदीची एअर रायफल घ्यायला परवाना लागत नाही. म्हणजे १० मीटर एअर रायफल शाळेच्या हॉलमध्येही शिकवता येते. भिंत, दिवे आणि कागदी टार्गेट पुरे. महाराष्ट्रात रायफल पसरली त्यात या सोयीचा मोठा हात आहे. सोबत एनसीसी होती, वरळीची महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज होती, बालेवाडी होती आणि राज्याची क्रीडा प्रबोधिनी होती. स्वप्नील याच प्रबोधिनीतून पुढं आला.

बाराबोरचं तसं नाही. शस्त्र अधिनियम १९५९ लागू होतो. जिल्हाधिकाऱ्यांकडं अर्ज, पोलिसांची चौकशी, शस्त्र सुरक्षित हाताळायचं प्रशिक्षण घेतल्याचा दाखला. परवान्यासाठी साधारण वय २१, तरुण खेळाडूंसाठी नियमांत वेगळी सोय. २०१९ च्या दुरुस्तीनं सामान्य माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात, खेळाडूंना त्यात सवलत आहे. हे सगळं असायलाच हवं, बंदूक म्हणजे बॅट नव्हे. पण १३ वर्षांच्या पोरीच्या वडिलांना ‘बंदुकीसाठी कलेक्टर ऑफिस’ म्हटलं की ते तिथंच थांबतात.

दुसरी गोष्ट खर्चाची. आंतरराष्ट्रीय पातळीवरच्या बंदुका बहुतेक इटली किंवा जर्मनीच्या, लाखांत जाणाऱ्या. पण बंदूक एकदाच घ्यायची असते. रोजचं काय? समजा कुणी दिवसाला चार राउंड खेळलं. म्हणजे १०० तबकड्या आणि किमान १०० काडतुसं, ट्रॅपमध्ये दुसरी गोळी झाडली तर त्याहून जास्त. वर्षाचे २५० दिवस धरले तर २५,००० तबकड्या. एअर रायफलचा छर्रा काही पैशांत-रुपयांत येतो. काडतूस त्याच्या कितीतरी पट महाग, आणि त्याची खरेदीही परवान्यातल्या मर्यादेत.

म्हणूनच भारतात या खेळाची सुरुवात राजवाड्यांतून झाली. बिकानेरचे महाराजा करणी सिंग पाच ऑलिम्पिक खेळले. १९६२ ला कैरोच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये त्यांना ट्रॅपचं सिल्व्हर मिळालं. दिल्लीतली तुघलकाबादची रेंज त्यांच्याच नावाची. पतियाळा घराण्यातले रणधीर सिंग यांनी १९७८ च्या बँकॉक एशियाडमध्ये ट्रॅपचं गोल्ड आणलं. पॅरिसला गेलेली राजेश्वरी कुमारी त्यांची मुलगी. पृथ्वीराज तोंडाइमान पुदुकोट्टईच्या राजघराण्यातला. यांच्याकडं बंदुका पिढ्यान्‌पिढ्या होत्या, जमीन होती, शिकारीचा हात होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीचा शौक बंद केला, तबकडी उरली. मराठी संस्थानांतही शिकार होती, पण तिथून तबकडीकडं जाणारी अशी वाट तयार झाली नाही.

गंमत म्हणजे देशातल्या संघटित नेमबाजीचा पाया एका मराठी माणसानं घातला. नॅशनल रायफल असोसिएशन १९५१ ची, आणि तिचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळंकर. घराणं मूळचं रत्नागिरीतल्या मावळंग्याचं, कर्मभूमी अहमदाबाद. आजही त्यांच्या नावानं देशपातळीवरची स्पर्धा होते.

इटारसीची प्रीती आणि भोपाळची मनीषा

राजवाड्याबाहेरचं पोर यात येऊच शकत नाही का? येतं. त्याचा पुरावा भंडाऱ्यापासून एका रात्रीच्या रेल्वेवर आहे.

नागपूरहून भोपाळला जाताना इटारसी लागतं. तिथली प्रीती रजक. वडिलांचं ड्रायक्लीनिंगचं दुकान. भोपाळची मनीषा कीर, मासेमारी करणाऱ्या घरातली. दोघीही मध्य प्रदेश सरकारच्या भोपाळमधल्या शूटिंग अकॅडमीत घडल्या. मनीषानं २०१८ ला कोरियातल्या चांगवोनमध्ये ज्युनियर वर्ल्ड चॅम्पियनशिपचं ट्रॅप सिल्व्हर घेतलं. २०२३ च्या हांगझोऊ एशियाडमध्ये या दोघी आणि राजेश्वरी कुमारी अशा तिघींनी मिळून ट्रॅपच्या टीम सिल्व्हरवर नाव कोरलं. दुकानदाराची मुलगी, मासेमाराची मुलगी आणि पतियाळा घराण्यातली मुलगी एका टीममध्ये. प्रीती सैन्यात होती, जानेवारी २०२४ मध्ये ती भारतीय सैन्यातली पहिली महिला सुभेदार झाली.

यात अकॅडमीनं वेगळं काय केलं? जो खर्च घराला झेपत नाही तो सरकारनं उचलला. बंदूक अकॅडमीची, काडतुसं अकॅडमीची, प्रशिक्षक आणि रेंजही त्यांचीच. पोरीनं फक्त यायचं आणि फोडायच्या.

आता भंडाऱ्यातल्या तळ्यांवर मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातल्या घरांचा विचार करा. मनीषाच्या घरात आणि या घरांत फार फरक नाही. मधली अकॅडमी तेवढी नाही.

भंडाऱ्यात रेंज काढायची तर?

तिसरी गोष्ट जमिनीची, आणि भंडाऱ्यात ती सगळ्यात किचकट होते.

बारीक छर्रे दोनशे-सव्वादोनशे मीटरपर्यंत जातात. त्यामुळं समोर किमान पावणेतीनशे-तीनशे मीटरचा पट्टा असा लागतो जिथं खेळ चालू असताना माणूस, गुरं, पायवाट काहीही नसेल. तोंड उत्तरेकडं किंवा ईशान्येकडं, म्हणजे सूर्य डोळ्यात येत नाही. वाटतं की एवढा मोकळा जिल्हा, जागेची काय कमी? पण भंडारा धानाचा जिल्हा आहे. रोवणी आणि कापणीला बांधाबांधावर माणसं असतात. शेत सुटलं तर जंगल येतं. कोका अभयारण्य आहे, नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प आहे, पवनीकडं उमरेड-पवनी-कऱ्हांडला आहे.

जंगल सुटलं तर तळी येतात. भंडारा तळ्यांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो, गावागावात माजी मालगुजारी तलाव, लोकांच्या तोंडी ‘मामा तलाव’. आणि शिसं आणि पाणी यांचं जमत नाही. बदकं अन्न दळायला पोटात बारीक खडे ठेवतात. तळाशी पडलेले छर्रे ती खडे समजून गिळतात आणि शिशाच्या विषानं मरतात. याच कारणानं युरोपियन युनियननं फेब्रुवारी २०२३ पासून पाणथळ जागांवर आणि त्यांच्या आसपास शिशाचे छर्रे वापरायला बंदी घातली. भंडारा-गोंदियात सारस उरलेत तेही मोजके. तळ्यावर तोंड करून रेंज काढणं म्हणजे त्यांच्या जिवावर उठणं.

एका काडतुसात २४ ग्रॅम शिसं. वर्षाला २५,००० काडतुसं म्हणजे ६०० किलो. हे एका खेळाडूचं. दहा खेळाडूंचं सहा टन. म्हणून रेंज कोरड्या, उंच, पडीक जमिनीवर हवी, पावसाचं पाणी तिथून ओढ्यात जाऊ नये, आणि ठरावीक वर्षांनी माती चाळून शिसं काढून विकायची सोय हवी. परदेशातल्या रेंजेस असं शिसं गोळा करतात, त्यातून पैसेही येतात. तबकडीच्या तुकड्यांचंही बघावं लागतं. पिच खाऊन डुकरांना विषबाधा झाल्याच्या जुन्या नोंदी आहेत. त्यामुळं गुरं चरायला सोडायची असतील तर आधी तुकडे वेचायचे.

या जिल्ह्याला दारूगोळ्याची ओळख नवी नाही. जवाहरनगरची आयुध निर्माणी १९६० च्या दशकापासून आहे, आणि २४ जानेवारी २०२५ च्या स्फोटात तिथं कामगार गेले ते जिल्हा विसरलेला नाही. बाराबोरची काडतुसं पुण्याजवळच्या खडकीत बनतात. दारू आणि काडतूस महाराष्ट्रात बनतं, त्यानं तबकडी फोडायला मात्र राज्याबाहेर जायचं, अशी ही अवस्था.

मग करायचं काय? पूर्ण ऑलिम्पिक ट्रॅप म्हणजे १५ मशिन, काँक्रीटचा खंदक, माईकची यंत्रणा. पहिल्याच दिवशी त्याची गरज नाही. एका स्वयंचलित मशिनवर नवख्यांचं काम भागतं, ती डावी-उजवी फिरत तबकड्या फेकते. क्लबच्या चार-सहा बंदुका, एक पात्र प्रशिक्षक आणि काडतुसांचा खर्च उचलणारा कुणीतरी. हा ‘कुणीतरी’ बहुतेक सरकारच असावा लागेल, कारण हौशी सभासदांच्या वर्गणीतून प्रीती रजक घडत नाही. सभासद क्लब चालवू शकतात, मशिन झिजू देत नाहीत, शनिवार-रविवारी रेंज जागती ठेवतात. पण खेळाडूची २५,००० काडतुसं त्यांच्या खिशाबाहेरची आहेत.

तोवर ज्याला शिकायचंय त्यानं?

बंदूक विकत घ्यायची घाई करू नका. सुरुवात एअर रायफलवर करा, परवाना लागत नाही आणि श्वास, तोल, शिस्त तिथं शिकता येते. फक्त एक लक्षात ठेवा, रायफलमध्ये शरीर स्थिर ठेवायला शिकवतात आणि ट्रॅपमध्ये कमरेतून फिरायला. त्यामुळं तबकडीकडंच जायचं पक्कं असेल तर रायफलवर फार वर्षं घालवू नका. जिल्हा किंवा राज्य रायफल असोसिएशनचं सभासदत्व घ्या, स्पर्धेची वाट तिथूनच राज्य, मग राष्ट्रीय अशी वर जाते. राष्ट्रीय स्पर्धेसाठी ठरावीक किमान स्कोर करावा लागतो.

आणि भोपाळ, जयपूर, दिल्ली, हैदराबाद कुठंही ट्रॅपच्या रेंजवर जाणार असाल तर आधी फोन करून तीन गोष्टी विचारा. नवख्यांसाठी वेगळी वेळ आहे का, बंदूक रेंजची मिळेल का, आणि राउंडच्या पैशांत काडतुसं धरलीत की वेगळी. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ऐकूनच पहिल्या दिवशी किती राउंड खेळायचे ते ठरवा.